एक दार, एक टिक

भिंगरी हे नाव तिला पायांमुळे नाही, तोंडामुळे पडलं. आणि गंमत अशी, की दीड वर्षापूर्वीपर्यंत या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नसे. शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मग एका सकाळी वस्तीच्या गाडीत डायलिसिसला निघालेल्या शेजारच्या आजोबांचा चष्मा घरी राहिला आणि त्यांनी पेपर तिच्या हातात कोंबला.

“वाच गं, जरा मोठ्याने. गाडीचं इंजिन तुझ्यापेक्षा जास्त बोलतंय.”

तिने वाचलं. पहिल्या दिवशी पुटपुटली, आठवड्याने निदान पुढच्या दोन बाकांना ऐकू गेलं, आणि महिन्याभरात मागच्या बाकावरून “आधी हवामान वाच!” अशा फर्माईशी यायला लागल्या. त्या गाडीने तिला आवाज दिला. तेव्हापासून ती थांबली म्हणून नाही. शाळेत वक्तृत्वाला दुसरी आली, आणि पहिलीला जाऊन सांगून आली की पुढच्या वर्षी तू सांभाळून राहा.

गाडी म्हणजे सतरा आसनांची पांढरी व्हॅन. आदिवासी वस्त्यांच्या वाहतुकीसाठी सरकारची एक योजना आहे, तिच्या निधीतून डिझेल येतं, टायर येतात आणि चालकाचा पगारही येतो. चालक म्हणजे भिंगरीची सख्खी मावशी. सकाळी दोन फेऱ्या शहराकडे, दुपारनंतर दोन फेऱ्या परत. वस्तीतली घरं टेकडीवर दाणे फेकल्यासारखी विखुरलेली, त्यामुळे थांबा वगैरे भानगड नाही. मावशी घरासमोर गाडी उभी करते, दोनदा भोंगा वाजवते, दार सरकवते, माणसं चढली की सीटखालून वही काढून काळ्या पेनाने टिक मारते आणि निघते. पाच वर्षं झाली, तिचा एक दिवस चुकलेला नाही.

म्हणूनच त्या सोमवारी गाडीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या खोलीत जे पत्र उघडलं गेलं ते कुणालाच झेपलं नाही.

समितीची खोली म्हणजे चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय तारेने शिवलेला, आणि एक लोखंडी कपाट. ते किल्लीने उघडत नाही, लाथेने उघडतं. चिटणीस काका पूर्वी पोस्टात होते, त्यामुळे पत्र कसं धरायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यांनी ते डोळ्यांपासून हातभर लांब धरलं.

“‘दैनंदिन सरासरी प्रवासी, तेरा,’” काकांनी वाचलं. “‘आवश्यक किमान सरासरी, तीस. सबब, पुढील तीन वर्षांच्या निधीस मंजुरी देता येत नाही. सेवा या महिनाअखेर बंद करण्यात यावी.’ आणि हे ‘बंद’च्या खाली पट्टीने रेघ मारलीय.”

“तेरा?” भिंगरी ओरडली. ती शाळेतून परस्पर तिथेच आली होती, दप्तरासकट. “तेरा कसे होतील? पहिल्या घरातूनच चार जण निघतात! काका, त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी वस्तीचा आकडा घातलाय.”

“आकडा आपलाच आहे. आपणच पाठवतो दर महिन्याला, वहीवरून. मी टिका मोजतो आणि लिहितो.”

“मग तुम्हाला मोजता येत नाही.”

“पस्तीस वर्षं पोस्टात तिकिटं मोजलीयत गं मी.”

हसायला आलं पाहिजे होतं, पण कुणी हसलं नाही. गाडी बंद म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरी बस पुलावरून सुटते, आणि पूल अकरा किलोमीटर लांब. आजोबांना आठवड्यातून तीनदा इस्पितळात जावं लागतं. भिंगरीची आई त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते. आईने पत्र ऐकल्यावर एकच वाक्य उच्चारलं, तेही शांतपणे: “मग आपण शहरात खोली घेऊ. तुझी शाळा आणि माझं काम, दोन्हीला तेवढाच मार्ग आहे.”

वस्ती सोडायची. शहरातल्या खोलीत भिंगरी पेपर कुणाला वाचून दाखवणार होती? भिंतीला?

तिने कपाटाला लाथ घातली, वह्या काढल्या, थेट मावशीच्या अंगणात जाऊन गाडीच्या सीटखालची चालू वहीही घेतली आणि तिथेच बसली. मावशी गाडीच्या काचा पुसत होती.

“मावशी, आज सकाळी पहिल्या घरातून किती जण चढले?”

“चार.”

“मग इथे एकच टिक का आहे?”

मावशीने फडकं पिळलं. “कारण एकच दार उघडलं.”

भिंगरीने वहीतून मान वर केली.

“अगं, असं काय बघतेस? गाडीच्या आधी मी सात वर्षं पाण्याचा टँकर चालवला. एका घराचं पिंप भरलं की एक टिक. घरात चार माणसं आहेत की चौदा, पिंप एकच ना! गाडी आली तेव्हा शहरातून एक मुलगा शिकवायला आला होता, म्हणाला, वहीत नोंद ठेवत जा. मी म्हटलं, ठेवते. मला येते नोंद ठेवता.”

“आणि परतीच्या वेळी? इस्पितळापाशी दहा जण चढतात.”

“दार किती वेळा उघडतं?”

“एकदा,” भिंगरी म्हणाली, आणि हातातली वही मिटली.

मावशीच्याही लक्षात आलं. आधी हात थांबला, मग फडकं खाली ठेवलं. टँकर चढावर उलटा घेणारी बाई, जिच्यापुढे वाळूचे ट्रकवाले रस्ता सोडतात, ती बॉनेटला टेकून उभी राहिली. तिचा आवाज बारीक झाला होता. “म्हणजे माझ्यामुळे.”

हे भिंगरीला सहन झालं नाही. मावशी पाणी आणायला आत गेली तेवढ्यात तिने दप्तरातून पेन काढलं, गेल्या महिन्याचं पहिलं पान उघडलं आणि झपाट्याने टिका मारायला सुरुवात केली. खोटं कुठे होतं त्यात? माणसं तर खरीच होती! एक, दोन, पाच, आठ, अकरा...

अकरावीनंतर पेन हातातून गेलं. मावशीने ते असं हिसकावलं की वहीवर ओरखडा उठला.

“तू त्या दिवशी गाडीत होतीस?”

“नव्हते. ताप होता. पण असतीलच ना तेवढे...”

“असतील म्हणून टिक मारायची नसते. उघडलं म्हणून मारायची असते.” मावशीने वही मिटली. “चुकीचं मोजलं असेल मी. खोटं नाही मोजलं. पाच वर्षांत एक टिक हवेत मारली नाही, आणि तू माझ्या वहीत अकरा मारल्यास. तेही निळ्या पेनाने, बावळट.”

मावशीची पेनं कायम काळी. त्या पानावर आता तेरा काळ्या आणि अकरा निळ्या टिका होत्या. पानांवर छापील क्रमांक, वर सरकारी शिक्का. फाडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने पेपर आणला नाही. तिने आणली योजनेची नियमावली, शहाऐंशी पानं, अक्षर मुंगीएवढं. काकांच्या कपाटात ती पाच वर्षं पडून होती आणि तिच्यावर काका चहाचा कप ठेवत, त्यामुळे मुखपृष्ठावर तपकिरी गोल उमटलेले होते.

“आजपासून बातम्या बंद,” तिने जाहीर केलं. “आपण हे वाचणार. ज्यांनी आपल्याला बंद करायचं ठरवलंय त्यांचेच नियम. यात कुठेतरी दार असणार.”

“आणि हवामान?” मागून आवाज आला.

“हवामान वाईट आहे. ऐका.”

आणि गाडीने ऐकलं! असे श्रोते नियमावलीला जन्मात मिळाले नसतील. चाकाच्या खुर्चीसाठी उतार किती अंशांचा असावा यावर मागच्या दोन बाकांचं भांडण झालं. ‘चालकाने प्रवाशांशी अनावश्यक संभाषण करू नये’ हे आल्यावर सगळी गाडी मावशीकडे बघून खोकली. ‘वाहनात जिवंत पक्षी आणू नयेत’ आल्यावर सगळ्यांनी अंडीवाल्या काकूंच्या टोपलीकडे पाहिलं.

“माझी कोंबडी सीट मागत नाही,” काकू म्हणाल्या. “पुढे वाच.”

तिसऱ्या सकाळी, पान सदतीस, पुलाच्या अलीकडच्या वळणावर, ते सापडलं.

“‘नोंदीची पद्धत सदोष असल्याचे सेवेने स्वतः कळविल्यास,’” भिंगरी वाचत होती, आणि वाचता वाचता उभी राहिली, “‘विभाग कोणत्याही एका सामान्य दिवशी, पूर्वसूचना न देता, प्रत्यक्ष गणना करील. त्या दिवशी चालकाने आपली जुनी पद्धत चालू ठेवावी, जेणेकरून दोहोंचे प्रमाण काढून मागील नोंदी दुरुस्त करता येतील.’ मावशी! मावशी, थांबव गाडी!”

“बस खाली आधी. उभं राहायला मनाई आहे, काल तूच वाचलंस.”

आजोबांनी तिच्या बाहीला धरून तिला खाली बसवलं आणि नियमावलीवर टिचकी मारली. “म्हणजे मावशीच्या टिका फुकट नाहीत?”

“फुकट? आजोबा, त्या सोन्याच्या आहेत! दार उघडलं की टिक, एकदाही चुकली नाही. आता फक्त एका टिकेमागे माणसं किती ते मोजायचं.”

अर्ज त्याच दुपारी गेला. भिंगरीने लिहिला, काकांनी सही केली आणि लिफाफा असा प्रेमाने चिकटवला की पोस्टातले जुने दिवस आठवले असावेत.

एक गोष्ट मात्र भिंगरीने गाडीत मोठ्याने वाचली नाही. ती पान अडतीसवर होती, लगेच मागे. नोंदवहीत खाडाखोड किंवा वाढीव नोंद तपासणीत आढळली, तर संपूर्ण वही बाद. ती संबंधिताने तपासनिसाच्या आधी स्वतः उघड केली, तर विभागास योग्य वाटल्यास, फक्त त्या दिवसाची नोंद बाद.

‘योग्य वाटल्यास.’ आणि नाही वाटलं तर?

तिने पान उलटलं. मनाशी म्हणाली, अकरा टिका. पाच वर्षांच्या ढिगात अकरा टिका कोण बघतंय?

तपासनीस पुढच्या गुरुवारी आले, सकाळी सहा चाळीसला, स्वतःच्या दुचाकीवर. उंच, बारीक, सरळ, इतके सरळ की हेल्मेट काढल्यावरही काही वाकलं नाही. पत्रातल्या त्या रेघेवरून भिंगरीने त्यांचं नाव आधीच ठेवलं होतं, फुटपट्टी, आणि माणूस नावाला अगदी शोभून दिसत होता. हातात त्यांच्या एक छोटं मोजणीयंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की टिक्क वाजणारं.

“सामान्य दिवस आहे ना आज?” त्यांनी विचारलं.

“अगदी सामान्य,” भिंगरी म्हणाली. समितीने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की साहेब आले तरी जादा माणूस एकही चढवायचा नाही. जे रोज जातात तेच. मावशीने तर दम भरला होता.

फुटपट्टी साहेब पहिल्या बाकावर, अगदी दारासमोर बसले. मांडीवर फाइल, अंगठा यंत्रावर.

पहिलं घर. दोन भोंगे. दार सरकलं. चौघं जण पायरीपर्यंत आले, आत साहेब दिसले आणि चौघंही थबकले.

“पाहुणे आहेत वाटतं,” घरची सून म्हणाली आणि पदर सावरून मागे सरली. “बसू द्या त्यांना मोकळं. आम्ही दुसऱ्या फेरीला येतो.”

“हो, हो, दाटीवाटी नको,” तिचा नवरा म्हणाला. “साहेब, आरामात जा!”

मावशीने टिक मारली. यंत्र वाजलं नाही.

दुसरं घर. दोघी बहिणी. साहेबांना बघितलं, हात जोडले, परत. मावशीचा हात क्षणभर घुटमळला, पण दार उघडलं होतं. टिक.

भिंगरीने बोटांवर मोजलं. अरे देवा! गर्दी करू नका म्हटलं, तर यांनी पाहुणचार सुरू केला! दोन दारं, दोन टिका आणि माणूस शून्य. असंच चाललं तर साहेब कागदावर लिहितील की या गाडीतून फक्त वारा प्रवास करतो.

दीड वर्षापूर्वीची भिंगरी दप्तरात तोंड खुपसून रडली असती. आत्ताची उठली, साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, तुम्ही नेहमीचा दिवस मोजायला आलात ना?”

“हो.”

“मग हा तो नाही. तुम्ही पहिल्या बाकावर बसलात की तुम्ही पाहुणे, आणि पाहुण्याला आम्ही गाडी रिकामी करून देतो. आमचा स्वभावच तसा आहे, त्याला नियमावलीत कलम नाही. तुम्ही मागे बसा. स्टेपनीशेजारी एक घडीची सीट आहे. तिथे जो बसतो त्याला कुणी विचारत नाही.”

“भिंगरे!” मावशीने आरशातून डोळे वटारले.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या गाडीकडे. “त्या सीटला पट्टा आहे?”

“आहे. नियम एकोणीस.”

“चोवीस,” साहेब म्हणाले, आणि उठून मागे गेले.

“मावशी, गाडी वळव. पहिल्यापासून.”

“डिझेल सरकारचं आहे गं.”

“वळवा,” मागून साहेब म्हणाले. “त्या दोन टिका मी धरणार नाही. शेऱ्यात लिहितो.”

आणि मग सुरू झाला खराखुरा दिवस. पहिल्या घरातले चार जण पुन्हा भोंगा ऐकून धावत आले. पाहुणे दिसेनात म्हटल्यावर धपाधप चढले, सुनेने नवऱ्याला डबा विसरल्याबद्दल चार शब्द सुनावले. टिक्क, टिक्क, टिक्क, टिक्क. दोघी बहिणी. मग आजोबा, त्यांची लेक आणि नातू. मग अंडीवाल्या काकू, ज्यांनी मागे जाऊन न विचारताच टोपली साहेबांच्या मांडीवर ठेवली, कारण स्टेपनीशेजारी बसणाऱ्याने टोपली धरायची असते, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे.

थोड्या वेळाने साहेबांचा आवाज आला. “या टोपलीत काय आहे?”

“अंडी.”

“अंडी आवाज करतात?”

“ताजी आहेत,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी टोपलीवरचं फडकं नीट झाकलं. “मी माणसं मोजायला आलोय,” ते म्हणाले.

सहा घरं झाली. पंधरा माणसं. दुसऱ्या फेरीत चार घरांपाशी दहा. भिंगरी शाळेत उतरली, पण तिथे तिचं नुसतं शरीर होतं. गणिताच्या बाईंनी तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा खडू मारला. संध्याकाळच्या फेरीत ती पळतच गाडीत शिरली. साहेब स्टेपनीशेजारीच होते, मांडीवर आता कुणाचं तरी कपड्यांचं बोचकं, आणि आजोबा त्यांना डायलिसिसच्या खुर्चीवर झोप कशी लागत नाही ते सांगत होते. परतीच्या दोन फेऱ्यांत, इस्पितळापाशी आणि शाळेपाशी मिळून, दार चारदा उघडलं आणि चोवीस जण चढले. एक काकू बहिणीकडे शहरात राहिल्या, नाहीतर पंचवीस झाले असते.

उन्हं उतरली तेव्हा सगळे समितीच्या खोलीत जमले. म्हणजे निम्मे आत, निम्मे खिडकीत. साहेबांना तारेने शिवलेली खुर्ची मिळाली आणि ते तिच्यावरही सरळ बसले.

“माणसं एकोणपन्नास,” ते म्हणाले. “टिका चौदा. एका टिकेमागे साडेतीन. तुमची सरासरी तेरा टिकांची, म्हणजे,” त्यांनी कागदावर गुणाकार केला, “साडेपंचेचाळीस.”

“अर्धा कोण?” खिडकीतून कुणीतरी विचारलं.

“मी,” आजोबा म्हणाले. “अर्धाच उरलोय.”

खोली हसली. चिटणीस काकांनी मावशीच्या पाठीवर थाप मारली. आईने भिंगरीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ती शहरातली खोली पुसली गेल्यासारखी दिसली.

“आता वह्या,” साहेब म्हणाले. त्यांनी बॅगेतून खरोखरच एक लाकडी फुटपट्टी काढली. प्रत्येक ओळीखाली ती ठेवायची, टिका मोजायच्या, पट्टी खाली सरकवायची. “प्रमाण लावायचं तर मूळ नोंद स्वच्छ हवी.”

पहिली वही झाली. दुसरी. ते मान हलवत होते. “एकाच हाताच्या आहेत सगळ्या. एकाच शाईच्या. पाच वर्षं! एवढी शिस्त आमच्या कार्यालयात नाही.”

मावशी ताठ उभी होती. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच तिची मान वर होती. पण तिची नजर तिसऱ्या वहीवर गेली, आणि भिंगरीला दिसलं, की तिलाही आठवलंय. मावशीला पान अडतीस माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की तिथे काहीतरी आहे जे तिचं नाही.

तिसरी वही. पट्टी सरकत होती. निळं पान अजून सहा पानं पुढे. पाच.

साहेबांच्या आधी. त्यांना सापडायच्या आधी. पान अडतीस भिंगरीला पाठ होतं. पण ‘योग्य वाटल्यास’ हे दोन शब्दही पाठ होते. गप्प राहिलं तर कदाचित पट्टी घसरेल, कदाचित त्यांना जांभई येईल. बोललं तर सगळ्यांदेखत बोलावं लागेल. आजोबांदेखत, आईदेखत, खिडकीतल्या सगळ्या वस्तीदेखत. ज्या मुलीला सगळे म्हणत होते की हिने गाडी वाचवली, तिनेच ती बुडवायची व्यवस्था केली होती.

चार पानं.

“थांबा,” भिंगरी म्हणाली.

पट्टी थांबली.

“पुढे एका पानावर अकरा निळ्या टिका आहेत. त्या मावशीच्या नाहीत, माझ्या आहेत. पत्र आलं त्या दिवशी मी मारल्या. ज्या दिवसाचं ते पान आहे त्या दिवशी मी गाडीत नव्हतेसुद्धा, घरी तापात पडले होते. मावशीने पेन हिसकावलं म्हणून अकराच आहेत, नाहीतर शंभर झाल्या असत्या.” तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. “पान अडतीस. मी आधी सांगितलंय. तुम्हाला सापडायच्या आधी.”

चिटणीस काकांच्या हातातलं पेन खाली पडून गडगडत कपाटाखाली गेलं.

साहेबांनी चार पानं उलटली. बघितलं. तेरा काळ्या, अकरा निळ्या आणि तो ओरखडा.

“पान अडतीस वाचलंस तू?”

“आठवड्यापूर्वी.”

“मग अर्जात का नाही लिहिलं?”

“घाबरले,” भिंगरी म्हणाली. “मला वाटलं, मी आता घाबरत नाही. पण घाबरले.”

“साहेब,” मावशी पुढे झाली, “पोरगी आहे. वही माझी आहे, जबाबदारी माझी. बंद करायची तर...”

“चालकाने अनावश्यक संभाषण करू नये,” साहेब म्हणाले. मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. साहेबांनी वही भिंगरीपुढे सरकवली आणि खिशातून पेन काढून दिलं. “त्या पानावर खाली लिही. कुणी मारल्या, केव्हा, का. पूर्ण नावाने सही. तो दिवस बाद.”

“फक्त तो दिवस?”

“एका दिवसाने सरासरी किती बदलते ते तूच काढून दाखव. गणितात बरी आहेस?”

“आज खडू खाल्लाय,” भिंगरी म्हणाली, आणि मग तिला एकदम हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकाच वेळी, नाकातून.

तिने लिहिलं. ‘का’पाशी ती सर्वात जास्त वेळ अडकली. शेवटी लिहिलं, ‘कारण मला वस्ती सोडून जायचं नव्हतं.’ साहेबांनी ते वाचलं आणि त्याखाली पट्टीने एक रेघ मारली. पत्रातल्या रेघेपेक्षा ही जरा बारीक होती. मग त्यांनी वही बंद केली, कारण बाकीच्या पानांत सांगण्यासारखं काही निघालं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत काळी शाई होती.

मंजुरीचं पत्र महिनाअखेरच्या दोन दिवस आधी आलं. तीन वर्षं. सोबत दोन अटी. एक, यापुढे माणशी एक टिक. दोन, वाहनात जिवंत पक्षी आणू नयेत, नियम बत्तीस. ही दुसरी अट काकूंनी मनाला लावून घेतली आणि टोपलीला दोन फडकी बांधायला सुरुवात केली.

मावशीला माणशी टिक मारायचा वैताग येतो. “चार चार वेळा काय तेच तेच,” ती पुटपुटते, पण मारते. पहिल्या घरापाशी चार, दुसऱ्या घरापाशी दोन. मग भिंगरीच्या घरासमोर गाडी उभी करते, दोनदा भोंगा वाजवते, जणू आतल्या मुलीला माहीतच नाही की मावशी आली. भिंगरी पेपर सांभाळत चढते.

“हवामान!” मागून हाक येते.

“थांबा हो, बसू तर द्या,” भिंगरी म्हणते, आणि पुढे वाकून बघते, मावशीने आपली टिक मारली की नाही.

“मारली, मारली,” मावशी म्हणते. “दिसली ना? काळी आहे.”